एकच बटण, चौदा हत्यारं

गेम खेळायच्या कंट्रोलरचं वजन साधारण पाव किलोच्या आसपास. पडद्यावरच्या योद्ध्याने खंजीर काढला तरी तेवढंच आणि माणसाच्या उंचीची तलवार खांद्यावर टाकली तरी तेवढंच. अंगठा तोच, बटण तेच, ते दाबायला लागणारा जोरही तोच. तरी एखाद्या खेळणाऱ्याकडे शेजारी बसून नीट बघा. मोठी तलवार हाती आली की त्याचे खांदे आवळले जातात, तो थांबतो, संधी हेरतो, बटण गरजेपेक्षा घट्ट दाबतो आणि वार बसला की श्वास सोडतो. खंजीर घेतला की तोच माणूस पुढे सरकून बसतो आणि त्याची बोटं भराभर चालू लागतात. प्लॅस्टिकच्या एका हलक्या डबीत लोखंडाचं वजन उतरतं कुठून?

फँटसी रोल-प्लेइंग गेम बनवणारे गेली पन्नास वर्षं या प्रश्नाशी झुंजत आहेत. त्यांनी शोधलेल्या युक्त्या बघत गेलं की माणसाच्या मनाबद्दलच काहीतरी नवं कळत जातं.

सुरुवात फाशांपासून झाली. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ आला. आजच्या सगळ्या फँटसी रोल-प्लेइंग गेमचा हा मूळपुरुष. त्याच्या पहिल्या पेटीतला नियम आज वाचला तर थक्क व्हायला होतं. सगळी हत्यारं सारखीच इजा करत. खंजीर असो, भाला असो की दोन्ही हातांनी पेलायची तलवार, वार लागला की सहा बाजूंचा एक फासा टाकायचा आणि पडेल तेवढी इजा धरायची. तलवार आणि खंजीर यांच्यातला फरक फक्त खेळणाऱ्यांच्या कल्पनेत होता. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, 'ग्रेहॉक' नावाची पुरवणी निघाली आणि फासे वेगळे झाले. खंजिराला चार बाजूंचा फासा, तलवारीला आठ बाजूंचा, दोन हातांच्या तलवारीला दहा बाजूंचा.

हा उपाय पुरेसा वाटतो, पण त्यात एक खोट आहे. इजा हा एकच आकडा असेल, तर हत्यारांची फक्त उतरंड लागते. सगळ्यात मोठ्या फाशाचं हत्यार चांगलं, बाकीची त्याच्याहून वाईट. मग खंजीर कोण घेईल? ज्याला दुसरं परवडत नाही तोच.

खऱ्या इतिहासात असं कधीच नव्हतं. युरोपात पंधराव्या शतकात योद्धे डोक्यापासून पायापर्यंत पोलादी पत्र्याचं चिलखत घालू लागले, तेव्हा तलवारीची धार त्यावरून नुसती घसरून जायची. म्हणून युद्धातला हातोडा पुढे आला. तो चिलखत कापत नाही, पण आघात आतल्या हाडांपर्यंत पोचवतो. सिनेमात दिसतो तसा घणासारखा अवाढव्य हातोडा मात्र तो नव्हे. एका हाताने चालवायच्या खऱ्या हातोड्याचं डोकं लहान असे आणि सगळं मिळून वजन दीड किलोच्या आसपास. लढाईतली लांब तलवारही साधारण तेवढ्याच वजनाची. दोन्ही हत्यारं तराजूत घातली तर काटा जवळपास मध्ये राहील! फरक आहे तो वजन कुठे आहे यात. घरातला हातोडा नेहमीसारखा दांड्याला धरून हवेत फिरवा आणि मग उलटा करून, डोक्याशी धरून फिरवा. वस्तू एकच, पण दुसऱ्या वेळी ती मनगटाच्या इशाऱ्यावर नाचते, आणि पहिल्या वेळी एकदा निघाली की थांबायचं नाव घेत नाही. तलवारीचं वजन मुठीजवळ असतं, हातोड्याचं आणि कुऱ्हाडीचं टोकाशी. तलवार वाटेत विचार बदलू शकते, कुऱ्हाड बदलू शकत नाही. हत्याराचा स्वभाव म्हणतात तो हाच, आणि तो इजेच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

गायगॅक्सना हे ठाऊक होतं. १९७१ साली जेफ पेरेन यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेल्या 'चेनमेल' या युद्धखेळात एका बाजूला हत्यारं आणि दुसऱ्या बाजूला चिलखतं असा तक्ताच होता. कोणत्या हत्याराचा कोणत्या चिलखतावर किती जोर चालतो, ते त्यात बघायचं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये तसाच तक्ता परतला. बरोबर हत्याराची लांबी आली, ते फिरवायला लागणारी जागा आली, त्याचा वेग आला. कागदावर ते सगळं अचूक दिसतं. पण प्रत्येक वाराला तक्ता उघडायचा म्हणजे राक्षस समोर उभा असताना हिशोबाची वही काढायची. अनेक गटांनी तो तक्ता सरळ बाजूला ठेवला. माझ्या मते त्यांनी बरोबर केलं. ज्या फरकासाठी हात थांबवून पान उलटावं लागतं, तो हाताला कधीच जाणवत नाही.

मग २००० साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची तिसरी आवृत्ती आली, आणि तिच्यात फाशांतून हत्याराचा स्वभाव काढून दाखवणारी एक देखणी युक्ती होती. लांब तलवार आणि लढाऊ कुऱ्हाड, दोघींना इजेसाठी तोच आठ बाजूंचा फासा. पण वार लागतो की नाही हे ठरवणाऱ्या वीस बाजूंच्या फाशावर तलवारीला १९ किंवा २० पडले तर जबर वाराची संधी मिळे आणि ती साधली तर इजा दुप्पट होई. कुऱ्हाडीला ही संधी फक्त २० पडल्यावरच, पण मग इजा तिप्पट. आता हिशोब करून बघा. तलवारीला शंभरातून दहा वेळा संधी, दर वेळी एकपट जादा. कुऱ्हाडीला शंभरातून पाच वेळा, दर वेळी दोनपट जादा. हजार लढायांची सरासरी काढली तर दोघी सारख्याच! तरीही कुऱ्हाडवाला आणि तलवारवाला एकसारखा खेळ खेळत नाहीत. एकाच्या पदरी थोडं थोडं पण नेमाने पडत राहतं. दुसरा संध्याकाळभर वाट बघतो आणि २० पडला की सगळं टेबल उठून ओरडतं. त्या संध्याकाळची आठवण वर्षभर निघते. सरासरी तीच ठेवून फक्त नशिबाची वाटणी बदलली की हत्याराला स्वभाव येतो, हे मला संभाव्यतेच्या गणितातलं सगळ्यात सुंदर उदाहरण वाटतं.

दोन हातांच्या हत्यारांतही हेच. मोठ्या तलवारीला सहा बाजूंचे दोन फासे, मोठ्या कुऱ्हाडीला बारा बाजूंचा एक. वरची मर्यादा दोघींची १२. पण दोन फाशांची बेरीज मधल्या आकड्यांकडे झुकते. तलवारीला ६, ७ किंवा ८ पडण्याची शक्यता ४४ टक्के, कुऱ्हाडीला २५ टक्के. उलट पुरे १२ पडण्याची शक्यता तलवारीला छत्तिसात एक, कुऱ्हाडीला बारात एक. तलवार भरवशाची आणि कुऱ्हाड लहरी, हे कुठेही शब्दांत लिहिलेलं नाही. फासा हातात घेताना ते आपोआप कळतं.

पुढे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने नियम हलके केले, आणि त्यात एक विचित्र गोष्ट घडली. लांब तलवार आणि लढाऊ कुऱ्हाड यांच्यात किंमत आणि वजन सोडलं तर काहीच फरक उरला नाही. फासा तोच, इजेचा प्रकार तोच, दोन्ही हातांनी धरल्यावर मिळणारी वाढही तीच. चाळीस वर्षांची वाट चालून गोष्ट १९७४ च्या जवळ येऊन ठेपली होती. २०२४ मध्ये नियम पुन्हा लिहिले गेले तेव्हा हा प्रश्न थेट हाताळला. आता लांब तलवारीचा वार बसला की शत्रूचा पुढचा हल्ला दुबळा पडतो, लढाऊ कुऱ्हाड त्याला खाली पाडू शकते, हातोडा मागे ढकलतो, मोठी कुऱ्हाड शेजारच्या शत्रूलाही लागू शकते. मोठ्या तलवारीचा वार हुकला तरी ती ओरखडा उठवतेच. इथे आकडा मागे पडला आणि क्रियापद पुढे आलं. किती लागलं यापेक्षा काय घडलं हे महत्त्वाचं झालं, आणि टेबलाभोवतीच्या खेळासाठी हेच खरं उत्तर आहे असं मला वाटतं.

पडद्यावरच्या खेळाकडे मात्र एक गोष्ट आहे जी फाशाकडे नाही, ती म्हणजे वेळ.

संगणकावरचा खेळ अनेकदा सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. तलवारीचा एक वार म्हणजे फ्रेम्सची एक रांग. तिच्या सुरुवातीला हत्यार मागे जातं, मधल्या थोड्या फ्रेम्समध्ये ते खरोखर लागू शकतं आणि उरलेल्या फ्रेम्समध्ये योद्धा सावरतो. खंजिराची सगळी रांग अर्ध्या सेकंदात संपू शकते. मोठ्या हातोड्याची नुसती उचलच त्याहून जास्त वेळ घेते आणि सावरणं आणखी. हिदेताका मियाझाकी यांच्या २०११ च्या 'डार्क सोल्स'ने ही रांग निर्दय केली. एकदा वार सुरू झाला की तो बहुतेक वेळा मागे घेता येत नाही आणि प्रत्येक वाराला दम खर्च होतो. म्हणून हातोडा उचलणं हा एक निर्णय होतो. पुढच्या दीड सेकंदात समोरचा काय करेल याचा अंदाज बांधायचा, आणि तो चुकला तर किंमत मोजायची.

त्याच खेळात जागेचाही फार सुंदर वापर आहे. अरुंद बोळात मोठी तलवार आडवी फिरवली तर ती भिंतीवर खणकन आपटते आणि योद्धा उघडा पडतो. भाला सरळ भोसकतो, त्यामुळे त्याला बोळाचं भय नाही. शिवाय ढाल उचललेली ठेवूनही त्याने वार करता येतो. मोकळ्या मैदानात दुय्यम वाटणारा भाला तळघरात राजा ठरतो. कोणतं हत्यार चांगलं, या प्रश्नाला आता कुठे उभं राहून, असा उलट प्रश्न विचारावा लागतो. उतरंड मोडायचा याहून चांगला उपाय मी पाहिलेला नाही.

पण ही कल्पना टोकाला नेली ती कॅपकॉम कंपनीच्या 'मॉन्स्टर हंटर'ने. पहिला खेळ २००४ मध्ये आला, आणि २०१३ च्या चौथ्या भागापासून त्यात हत्यारांचे १४ प्रकार आहेत. या खेळात शिकारी स्वतः 'लेव्हल' चढत नाही. वाढतात ती त्याची हत्यारं आणि त्याचं कौशल्य. अवाढव्य तलवार घेतली तर बटण दाबून धरत वाराची ताकद साठवायची असते. म्हणजे पशू आत्ता कुठे आहे ते बघून उपयोग नाही, दोन क्षणांनी त्याचं डोकं कुठे असेल ते ओळखून तिथे तलवार आणायची. लांब भालेवाला ढालीआड पाय रोवून पशूच्या पुढ्यातच उभा राहतो आणि हल्ला अंगावर घेऊन मधल्या फटीत भोसकतो. धारदार हत्यारांनी शेपूट तोडता येतं. बोथट हत्यारं डोक्यावर बसत राहिली की पशू गरगरून कोसळतो. एका प्रकारात लांब काठी टेकून योद्धा हवेत उडी घेतो आणि पशूच्या पाठीवर पोचतो. आणि एक आहे शिकारी शिंग. हे अजस्र वाद्य गदेसारखं हाणायचं, आणि त्या फटक्यांतून सूर जुळवून अशी धून वाजवायची की सगळ्या गटाचं बळ वाढतं. एका लढवय्याने वादक व्हावं, तेही लढता लढता, ही कल्पना ज्याला सुचली त्याला माझा दंडवत.

यात खरं आश्चर्य पशूचं आहे. तो बदलत नाही. त्याच्या चाली त्याच, पंजे तेच. पण तलवारवाल्याला तो एक वेळापत्रक वाटतो, भालेवाल्याला लाटांमागून लाटा आणणारा समुद्र, आणि हवेतून उडणाऱ्याला चढायचा डोंगर. एक पशू बनवून त्यांनी चौदा पशू बनवले. हत्यार वेगळं वाटतं ते त्याने शत्रूला वेगळं केल्यामुळे, खेळणाऱ्याला वेगळीकडे बघायला लावल्यामुळे. हत्यारांची यादी करायला बसलेल्या प्रत्येक गेम डिझायनरने मला वाटतं हाच प्रश्न आधी विचारावा, की हे हाती घेतलेला माणूस समोरच्याच्या कोणत्या अवयवाकडे, कोणत्या क्षणाची वाट बघत उभा राहील?

आता वजनाकडे परत येऊ, कारण फ्रेम्सची रांग त्याचं अर्धंच उत्तर देते. हातोडा पशूच्या कवटीवर बसतो त्या क्षणी खेळ थांबतो. अक्षरशः थांबतो. मारणारा आणि मार खाणारा दोघेही काही फ्रेम्स गोठतात आणि मग पुढे सरकतात. याला हिट-स्टॉप म्हणतात. हलक्या वाराला थांबा इवलासा, जड वाराला लांब. 'स्मॅश ब्रदर्स'चे निर्माते मासाहिरो साकुराई यांनी २०२२ मध्ये गेम कसे बनवतात हे समजावणारी व्हिडिओमालिका सुरू केली, तिच्यात हा थांबाही उलगडून दाखवला आहे. खेळणाऱ्याला चित्र थांबल्याचं सहसा कळत नाही. त्याला कळतं एवढंच, की पातं कशात तरी रुतलं, कशाने तरी विरोध केला. हा थांबा काढून टाकला तर तीच तलवार धुरातून गेल्यासारखी निघून जाते.

डोळ्यांनी पाहिलेला थांबा हाताला वजन का वाटावा? फ्रान्समधले संशोधक अनातोल लेक्युये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग मांडला. लोकांच्या हाताखाली जवळजवळ न हलणारं एक उपकरण दिलं आणि पडद्यावर एक स्प्रिंग दाखवली. उपकरणावर दाब दिला की पडद्यावरची स्प्रिंग दबायची, कधी जास्त, कधी कमी. उपकरण तेच, पण लोकांना स्प्रिंग कधी मऊ, कधी कडक लागली, आणि खऱ्या स्प्रिंगशी तिची तुलनाही करता आली. पुढे २००४ मध्ये त्यांनी साध्या माउसवर हेच केलं. पडद्यावरच्या एका जागी बाण सावकाश जाऊ लागला की लोकांना तिथे चढ असल्यासारखं वाटलं, वेग वाढला की उतार. टेबल तर सपाटच होतं. या परिणामाला स्यूडो-हॅप्टिक म्हणतात, आभासी स्पर्श म्हणा हवं तर. हाताने दिलेला जोर आणि डोळ्याने पाहिलेली हालचाल यांचा मेळ बसला नाही की मेंदू मधली तफावत वजन म्हणून, विरोध म्हणून भरून काढतो. आपल्याला वस्तूचा भार जाणवतो त्यातला काही भाग आपला मेंदूच रचत असतो! हातोड्याचं लोखंड कंट्रोलरमध्ये कधीच नव्हतं. डिझायनर फक्त तफावत तयार करतो, लोखंड आपण घालतो.

ही तफावत जिथे नसते तिथे नियम कितीही चांगले असोत, हात मान्य करत नाही. २०११ च्याच 'स्कायरिम'मध्ये कुऱ्हाडीच्या जखमेतून रक्त वाहत राहण्याची, गदेने चिलखत निष्प्रभ करण्याची कौशल्यं आहेत. कागदावर हा फरक छान आहे. पण त्या विशाल, देखण्या जगात कुऱ्हाड, गदा आणि तलवार फिरवताना हाताला जवळपास एकच अनुभव येतो. वेगळेपणा यादीत शिल्लक राहतो.

याउलट २०१८ च्या 'गॉड ऑफ वॉर'मध्ये नायक क्रेटॉस कुऱ्हाड फेकतो आणि बटण दाबलं की ती हवेतून परत येते. कंट्रोलर आधी हलका थरथरतो, थरथर वाढत जाते आणि ती मुठीत आदळते तेव्हा धप्प असा धक्का बसतो. अनेक जण शत्रू नसतानाही ती नुसती फेकतात आणि बोलावतात. ती बघताना मला मराठी युद्धकलेतला विटा आठवतो. दोरी बांधलेला भाला, फेकायचा आणि दोरीने मागे ओढून घ्यायचा. क्रेटॉसची कुऱ्हाड जादूने येते, विट्याला दोरी आहे. आणि मला दोरी जास्त आवडते, कारण दोरीला लांबी असते, ती अडकते, शत्रू ती पकडू शकतो. एवढ्या एका गोष्टीतून किती चाली निघतील!

आपल्याकडच्या हत्यारांत अशी सामग्री भरलेली आहे आणि तिला हात लागायला सुरुवातही झाली आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी : अॅन एन्शंट एपिक' आणला. त्यातली राजी सर्कशीत कसरती करणारी मुलगी. तिच्या हाती त्रिशूळ येतो तेव्हा तिची चाल कसरतपटूचीच राहते. ती खांबाला धरून गिरकी घेते, भिंतीवरून धावते आणि तिथून वार करते. शस्त्र आणि शरीर एकत्र विचारात घेतल्याचा तो परिणाम आहे.

मला मात्र दांडपट्टा बघायचा आहे. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत तो फिरताना पाहिला असेल, तर जमिनीवर ठेवलेली लिंबं गिरक्या घेत कापत जाणारं ते लांब पातं विसरणं शक्य नाही. पट्ट्याची मूठ पोलादी खोबणीच्या आत आडवी असते आणि ती खोबण कोपरापर्यंत हात झाकते. त्यामुळे मनगट वळतच नाही. तलवारीची सगळी नजाकत मनगटात, आणि इथे मनगट बंद! मग वार येतो खांद्यातून, कमरेतून, पायांतून. पट्टेकरी वर्तुळात फिरतो, उसळतो, आणि त्याच्याभोवती पात्याचं रिंगण तयार होतं. गेममध्ये याचा नियम आपोआप सुचतो. पट्टा एका शत्रूशी द्वंद्वात बेताचा, पण चौघांनी वेढलं की भयंकर. प्रत्येक गिरकी पुढच्या गिरकीला वेग देते आणि मध्येच थांबलं तर तो वेग वाया जातो. म्हणजे 'डार्क सोल्स'चा हातोडेवाला थांबून वाट बघतो, तर पट्टेकऱ्याला थांबणंच परवडत नाही. त्याला पाय ठेवायला जागा आधीच हेरून ठेवावी लागेल. तो शत्रूकडे कमी आणि जमिनीकडे जास्त बघेल.

आणि एक अडचण, जिच्यामुळे हे हत्यार खऱ्या अर्थाने वेगळं होईल. फँटसी गेम बहुतेक वेळा जखमी योद्ध्याला औषधाची कुपी देतात. पण पट्ट्यात अडकलेल्या हाताने बूच उघडता येत नाही, शिडी धरता येत नाही, दाराची कडी काढता येत नाही. दोन्ही हातांत पट्टे चढवले तर काहीच करता येणार नाही. पट्टा उतरवायचा तर मोलाचे दोन-तीन सेकंद जाणार, तेही रिंगण मोडून, वेढ्याच्या ऐन मध्ये. नाहीतर गटातल्या दुसऱ्या कुणीतरी ते रिंगण चुकवत आत शिरायचं आणि कुपी पट्टेकऱ्याच्या तोंडाला लावायची.